मोर्तब सूद

जुन्या मराठी पत्राचा मजकूर संपला की त्याखाली मोर्तब उमटत असे. शिवकालीन पत्रांवरची 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा वाचणाऱ्याला बजावत असे की मजकुराची मर्यादा येथे झाली, यापुढे कोणी काही घुसडू नये. साताऱ्यातल्या एका वाचनालयात गेली अकरा वर्षे मी मोडी लिपीचे वर्ग घेतो आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना ही गोष्ट अगत्याने सांगतो. मात्र मोर्तब उमटवण्याआधी वरचा मजकूर एकदा वाचून घ्यावा, हे मला स्वतःला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले, आणि तेही साक्षात शिवराज्याभिषेकाच्या सनात चूक करून.

मोडीचे धडे चित्रित करून ऑनलाइन टाकण्याचा हा उद्योग मी हौसेने अंगावर घेतलेला नाही. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर सुरू झाले आणि ज्या लिपीकडे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांखेरीज फारसे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, तिच्या वाचकांना एकाएकी भाव आला. माझ्या वर्गात सात विद्यार्थी होते, त्यांचे एकोणतीस झाले. वाचनालयात खुर्च्या सोळाच असल्यामुळे उरलेले तेरा जण भिंतीला टेकून, मांडीला बाक समजून लिहू लागले. हे पाहून माझा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही हे सगळे एकदा रेकॉर्ड करून ऑनलाइन टाका, म्हणजे सुटलात." त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी 'सुटलात' या क्रियापदाचा अनेक अंगांनी विचार केला आहे.

पहिला धडा मी सत्तेचाळीस मिनिटांचा केला. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि त्यातली दहा मिनिटे हजेरीत जातात, तेव्हा हजेरी नसलेल्या तासाला सत्तेचाळीस मिनिटे हा संयमच होता, असे माझे मत होते. यूट्यूबचे मत निराळे निघाले. फोन नंबर देऊन खात्याची पडताळणी केल्याशिवाय पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ तेथे चढत नाही. मी पडताळणी करायला निघालो, तेवढ्यात भाच्याने २०१४ मधला एक अभ्यास माझ्यापुढे धरला. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतले व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेले, त्याचा तो हिशेब होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणारा सर्वसाधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, असे त्यातून दिसले होते. सहा मिनिटांत माझा चश्मा पुसून होतो आणि मोडी लिपी हेमाडपंताने आणली या परंपरागत समजुतीवर माझे जेमतेम अर्धे मत मांडून होते. तरीही मी हेमाडपंताला निरोप दिला. एका धड्यात एकच गोष्ट शिकवायची असे ठरवले आणि सत्तेचाळीस मिनिटांचे नऊ तुकडे झाले. त्यातले दोन तुकडे नुसते "तर आपण काय पाहत होतो" या वाक्याचे होते, असे तुकडे पाडताना लक्षात आले.

यापुढे प्रश्न आला तो मांडणीचा. मोडीत आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. अशी ही आडवी वाहणारी लिपी मी उभ्या धरलेल्या फोनने टिपली, तेव्हा पडद्यावर प्रत्येक ओळीची जेमतेम तीन अक्षरे आली आणि उरलेला पडदा सतरंजीने व्यापला. फोन आडवा धरावा, ही पहिली सूचना मी येथे विनामूल्य देतो. त्यासाठी जाडजूड शब्दकोशांच्या दोन चळती रचून त्यांवर फळी टाकली आणि फळीच्या कडेवरून फोनचा कॅमेरा खाली कागदाकडे डोकावेल असा बसवला. त्या फळीखाली मी बोरू घेऊन बसलो. लिहिताना खाली वाकण्याची मला चाळीस वर्षांची सवय आहे. त्यामुळे पहिल्या चित्रीकरणात मोडीचे अक्षर कमी आणि माझे टक्कल अधिक आले. ते मात्र अत्यंत स्पष्ट, झळझळीत आणि पडद्याच्या बरोबर मध्यभागी होते.

टक्कल झळझळले याचा अर्थ उजेड चुकीच्या ठिकाणी होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिल्या जाणाऱ्या अक्षरावर पडते, हे शाळेत आम्ही मुलांना सांगत असू. ते पुन्हा आठवायला मला तीन दिवस लागले. उजेड डावीकडे आणल्यावर पडद्यावरून काळे पट्टे सरकू लागले. फोन बिघडला अशी आमच्या सौभाग्यवतींची खात्री झाली होती. पण दोष आमच्या जुन्या, चोकच्या ट्यूबलाइटचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते. फोनमध्ये शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे जातात. त्याहून सोपा उपाय म्हणजे खिडकीपाशी बसणे. मी खिडकीपाशी बसलो आणि त्यामुळे थेट आवाजाच्या प्रकरणात जाऊन पडलो.

चित्र थोडे अंधुक असले तरी विद्यार्थी सहन करतो, पण आवाज खराब असला तर तो उठून जातो. हे मला ठाऊक असते, तर सगळे लक्ष मी आधीच आवाजाकडे दिले असते. आमच्या खिडकीतून सकाळी आठला दूधवाल्याची हाक येते, नऊला शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, दहाला भंगारवाला आणि अकराला भंगारवाल्याशी वाद घालणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकू. बारापासून दोनपर्यंत शांतता असते, पण त्या वेळात घरात वरणभाताची इतकी गाढ शांतता पसरते की माझा स्वतःचाच आवाज बंद पडतो. म्हणून आम्ही आतल्या खोलीत गेलो. रिकाम्या भिंतींमुळे तेथे आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली गादी घातली, कपाटाची दारे उघडून आतल्या साड्याही या कार्यात सामील करून घेतल्या, तेव्हा घुमणे थांबले. कॉलरला लावायचा छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला. आता माझा आवाज तर स्वच्छ येऊ लागलाच, पण कागदावर चालणाऱ्या बोरूची कुरकुरही ऐकू येऊ लागली. ती मला इतकी आवडली की एका धड्यात दीड मिनिट मी काहीच बोललो नाही. भाच्याने ते दीड मिनिट काढून टाकले. आमच्यात त्यावर अजून अबोला नसला तरी थोडा दुरावा आहे.

एवढे झाल्यावर माइकला पंख्याची घरघर सापडली. पंखा बंद करावा लागला. गोधड्यांनी मढवलेली खोली, उघडी कपाटे, बंद पंखा आणि एप्रिल महिना अशा परिस्थितीत मी 'क' ते 'ज्ञ' शिकवले. घरात सूचना अशी होती की लाल फडके दाराला टांगलेले असेपर्यंत कोणी आत यायचे नाही. चौथ्या दिवशी दार किंचित उघडून सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, जिवंत आहात ना?" हे वाक्य अकराव्या धड्यात अजूनही आहे. ज्या अक्षरावर ते येते, ते विद्यार्थ्यांना सर्वांत चांगले लक्षात राहिले आहे.

धडे तयार झाल्यावर त्यांच्याबरोबर द्यायच्या टिपणांकडे वळलो. मोडी अक्षरे २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, आली, हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असतो. त्याच अभिमानाने मी व्हिडिओखालच्या वर्णनात पाच ओळी थेट मोडीत टाइप केल्या. ज्यांच्या फोनमध्ये मोडीचा फॉन्ट नाही त्यांना तेथे रिकाम्या चौकटींच्या पाच रांगा दिसल्या. एका निवृत्त तलाठी विद्यार्थ्याने तो भरायचा फॉर्म समजून, "चौकटीत एकेक अक्षर लिहायचे की आडनाव आधी?" असा प्रश्न मला फोनवर विचारला. तेव्हापासून मोडीचा मजकूर मी चित्र म्हणून किंवा फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफमध्ये देतो. मराठी उपशीर्षकांसाठी फोनला मजकूर बोलून दाखवला, तेव्हा त्याने 'मोडी' हा शब्द सर्वत्र 'गोडी' असा लिहिला. "गोडी वाचता येणे हे आज दुर्मीळ झाले आहे" हे वाक्य मी दुरुस्त केले, पण जड अंतःकरणाने.

मग प्रकाशनाचा दिवस उजाडला. यूट्यूब प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारते: हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का? शिक्षकाला हा प्रश्न विचारणे म्हणजे पुजाऱ्याला देव आहे का असे विचारणे. नातवंडांनी मोडी शिकावी ही माझी तळमळ असल्यामुळे मी बावीसच्या बावीस धड्यांना 'होय' असे उत्तर दिले आणि लोकांच्या प्रतिक्रियांची वाट पाहू लागलो. दोन आठवडे एकही आली नाही. तंतोतंत शिकवले असता शंका उरत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावला आणि सौभाग्यवतींना दोनदा तो बोलूनही दाखवला. वस्तुस्थिती अशी होती की अमेरिकेतल्या मुलांच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे, २०२० पासून, मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंखाली प्रतिक्रिया लिहिताच येत नाहीत. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमात व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा असे चार भाग असावे लागतात. त्याच नमुन्यावर मी माझा अभ्यासक्रम बेतला होता आणि त्याचा चौथा भाग स्वतःच्या हाताने, तळमळीने, बंद करून टाकला होता.

शेवटी प्रतिक्रिया आली ती फोनवर. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः इतिहासाचा शिक्षक, चाचरत म्हणाला, "सर, सोळावा धडा एकदा पाहाल का?" सोळावा धडा कागदपत्रांतल्या कालगणनेचा होता. शकाच्या आकड्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचे वर्ष. हे मी हजार वेळा शिकवले आहे. घामाने चिंब झालेल्या त्या दुपारी मात्र मी ७८ चे आकडे उलटे वाचले आणि ठणठणीत आवाजात "सत्त्याऐंशी मिळवावेत" असे सांगून बेरीज १६८३ केली. महाराजांचे निर्वाण १६८० चे. निर्वाणानंतर तीन वर्षांनी राज्याभिषेक घडवून आणणारा मी महाराष्ट्रातला पहिलाच शिक्षक असेन, आणि तोही साताऱ्यात बसून. त्या क्षणी प्रतिक्रिया बंद असल्याबद्दल मी अमेरिकेच्या कायद्याला मनोमन दंडवत घातला.

चढवलेल्या व्हिडिओच्या जागी, तोच दुवा ठेवून, दुसरा व्हिडिओ बसवता येत नाही. हे कळले तेव्हा मला मोर्तबाची आठवण झाली. दुवा तोवर दोन जिल्ह्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत होता, त्यामुळे धडा काढून टाकून नवा चढवण्यात अर्थ नव्हता. धडा आधी अनलिस्टेड ठेवून दोघांना दाखवायचा असतो, ज्यांच्याकडे दुवा आहे त्यांनाच तो दिसतो. त्या दोघांपैकी एक विषय जाणणारा असावा आणि एक अजिबात न जाणणारा. हे भाच्याने मला सुरुवातीलाच सांगितले होते म्हणे. मी तेव्हा गोधडी टांगत होतो. एक मार्ग मात्र शिल्लक होता: चढवलेल्या व्हिडिओतला नको तो भाग यूट्यूबच्याच एडिटरमध्ये कापता येतो आणि दुवा तसाच राहतो. रात्री साडेअकराला मी चूक असलेले अठरा सेकंद कापले, आणि घाईत पुन्हा एकदा न पाहताच मोर्तब केले.

आता त्या धड्यात मी म्हणतो, "शके १५९६ हा आकडा घ्यावा, आणि पाहा, झाला राज्याभिषेक!" त्यावर एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले की मधली आकडेमोड परीक्षेसाठी राखून ठेवली आहे काय. मी बरोबर बेरीज त्या व्हिडिओच्या वर्णनात ठळक लिहिली, मुलांसाठीच्या प्रश्नाला बावीस वेळा 'नाही' असे उत्तर दिले आणि प्रतिक्रिया उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली प्रतिक्रिया आली. कोणा अनोळखी गृहस्थांनी लिहिले होते, "अक्षर सुरेख आहे, पण सरांनी कृपया पंखा लावावा, घाम कागदावर पडतो आहे." त्याखाली पसंतीचा एक अंगठा होता. तो आमच्या स्वयंपाकघरातून आला होता.