खाली माग, वर घर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की कोपनहेगनला कचरा जाळून वीज करणाऱ्या प्लँटच्या छपरावर स्कीइंगचा उतार केलाय हे वाचून सोलापूरकरांना काय मिळणार, इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय, आणि एका इमारतीत चार कामं कोंबली की एकही धड होत नाही. पाण्याचं अगदी खरंय. दुसरं मात्र मला अजिबात पटत नाही.

जागा आणि पैसा कमी असतो ना, तिथंच एका जागेत चार कामं करावी लागतात. आपल्या पूर्व भागात बघा की, खाली माग, वर घर, गच्चीवर सूत वाळतंय, ओट्यावर बायका विड्या वळतायत. हे कुण्या आर्किटेक्टनं शिकवलेलं नाही. त्रास होतो, तो तुम्हीच लिहिलाय, मागावरच्या तुमच्या घरात रात्रपाळीला पलंग हादरतो आणि भांड्यांवर रुवाचा थर बसतो. पण मागाचा पाया वेगळा, घराचे कॉलम वेगळे, दोन्हींत फट सोडलेली आणि जिना बाहेरून, एवढं नकाशातच ठरवलं असतं तर हादरा आणि रुवा दोन्ही वर कमीच गेले असते. डिझाईन म्हणतात ते हेच हो.

आता ब्राझीलमधल्या साओ पावलोचं सांगतो. पोंपेया भागात पिंपं बनवायचा जुना कारखाना होता, तो पाडायचं चाललेलं. लिना बो बार्डी ही आर्किटेक्ट बघायला गेली तर सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन त्या शेडमध्येच रमलेले, मग तिनं शेड तशाच ठेवल्या आणि आत लायब्ररी, थिएटर, वर्कशॉप, कँटीन बसवलं, 1982 ला ते उघडलं. बाजूच्या मोकळ्या जागेखालून नाला जातो, त्यावर बांधता येत नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटचे टॉवर, एकात खेळाचे हॉल एकावर एक, दुसऱ्यात जिने आणि कपडे बदलायच्या खोल्या, मधे हवेत पूल! खेळाच्या टॉवरच्या खिडक्या म्हणजे वेडीवाकडी भोकं, काचच नाही, वारा आरपार. आणि असल्या जागेचा खर्च कोण करतो असं विचारलंत ना, हे केंद्र सेस्क नावाची संस्था चालवते आणि ती व्यापारी मालकांकडून पगारावर घेतलेल्या वर्गणीतून चालते.

आपल्याकडंही बंद गिरण्यांच्या शेड अशाच वापरता येतील असं मला मनापासून वाटतं. करवतीसारखं छप्पर, काच उत्तरेला, त्यामुळं ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड, अभ्यासिकेला आणि शिवणकामाला याहून चांगलं काय पाहिजे. फक्त एक ध्यानात ठेवायचं, सोलापुरात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला कलतो, त्यामुळं त्या काचेवर थोडी झडप हवीच, नाहीतर ऐन उन्हाळ्यात आत भट्टी होणार.

तुमच्या कारखान्याच्या आणि घराच्या भिंती सलग आहेत का, आणि माग नुसत्या फरशीवर बसवलेत की खाली वेगळं काँक्रीट केलंय, एवढं कळवा ना. हादरा कमी करायला आत्ता काय करता येईल ते त्यावरच ठरेल.