फोर्थ सीटवरची पेशी

सात छत्तीसच्या लोकलला डोंबिवलीला सीट मिळत नाही, नशीब असेल तर फोर्थ सीट मिळते. "काका, जरा सरकता का" म्हटलं की काका नुसता श्वास आत घेतात आणि त्या श्वासाएवढ्या जागेत मी अर्धं बूड टेकवतो, उरलेलं अर्धं दादरपर्यंत हवेत.

असा आखडलेला मी लॅबला पोचतो आणि दिवसभर पेशी सांभाळतो, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, भलत्याच मानी. परवा घाईत त्यांना कल्चरच्या डिशऐवजी बॅक्टेरियाच्या साध्या डिशमध्ये टाकलं, दिसायला दोन्ही सेम, पण त्या प्लास्टिकला ह्या बाया नीट चिकटत नाहीत. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघतो तर बहुतेक सगळ्या गोल होऊन तरंगतायत, अंगावर फोड आल्यासारखे बुडबुडे. खाणंपिणं होतं, ३७ डिग्रीची ऊब होती, पण पाय टेकायला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी शिस्तीत आत्महत्या केली. ह्याला अनॉइकिस म्हणतात, १९९४ मध्ये दिलेलं नाव, ग्रीकमध्ये अर्थ बेघर होणं.

सर म्हणाले, "डिशवरचं लेबल वाचायला वेगळी ग्रँट लागते का?"

पण माझा खरा जीव तुटतो तो १९९७ च्या प्रयोगातल्या पेशींसाठी. तिकडे अमेरिकेत चेन, इंगबर वगैरे मंडळींनी फायब्रोनेक्टिनचे, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या चिकट प्रोटीनचे, ठिपके छापले, पेशी फक्त ठिपक्यावरच चिकटणार. २० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आखडून बसलेल्या भराभर मेल्या, ५० वाल्या ऐसपैस पसरून जगल्या. चिकटलेल्या दोघीही होत्या हां! आजी म्हणायची अंथरूण पाहून पाय पसरावे, २० वालीने अगदी तेच केलं आणि गेली बिचारी. मग त्यांनी ५ मायक्रॉनचे बारके ठिपके सुटेसुटे छापले, एकूण टेकायची जागा जवळपास २० वालीएवढीच, पण पेशी ह्या ठिपक्यावर एक पाय त्या ठिपक्यावर एक पाय अशी ताणून बसली आणि चक्क तगली.

हे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये करून बघितलं. अर्धं बूड सीटवर, एक पाय समोरच्या बाकाखाली, एक हात वरच्या हँडलला, कोपर खिडकीवाल्याच्या बॅगेवर, डोकं किंचित काकांच्या खांद्याला. स्वर्ग हो! ठाणं यायच्या आत काकांना जाग आली.

"ओ, घर समजलात का हे?"