तिकीटखिडकीवर भांडण्याआधी तिकीट वाचा

‘महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाच्या तिकिटावर 28 टक्के कर लुटतं. मध्य प्रदेशात, गोव्यात सिनेमा करमुक्त, तिकीट निम्म्या दरात. आपल्याकडेही करमुक्त झालाय, पण थिएटरवाले लपवतात. खिडकीवर अडून बसा, पैसे परत मिळतात.’ हा मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. परदेशी कंपन्यांना 40 टक्के आणि मराठी निर्मात्याला शून्य, मालिकावाल्यांना करमाफी, अशी आणखी वाक्यं त्याला खाली चिकटवलेली आहेत. घोडबंदर रोडवर ज्या मालिकांचं शूटिंग चालतं, त्यांचे हिशेब मी बघते. जीएसटी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात वाईट वाक्य शेवटचं. ‘खिडकीवर अडून बसा.’ माझे काका सत्तरीच्या पुढचे. हा मेसेज मोबाइलवर उघडून ते मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर उभे राहिले. समोर जेमतेम विशीतली मुलगी. दर बदलणं तिच्या हातात नसतं, कर सॉफ्टवेअरमध्येच लागून येतो. मागे रांग खोळंबली, लोक ओरडायला लागले, मॅनेजर आला. काकांनी ‘मराठी माणसाला फसवता’ म्हणून आवाज चढवला आणि ती मुलगी रडायला लागली. रात्री काकूंचा फोन आला तेव्हाही काका मागून तावातावाने बोलतच होते. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला ना ती मुलगी दिसली, ना काकांचं चढलेलं बीपी.

सिनेमा करमुक्त होतो तेव्हा सरकारी आदेश निघतो. त्यात चित्रपटाचं नाव असतं आणि मुदत असते. थिएटरने राज्याचा कर प्रेक्षकाकडून घ्यायचा नाही, तिकीट तेवढ्याने कमी करायचं, कर स्वतःच्या पैशातून भरायचा आणि मग सरकारकडून त्याचा परतावा घ्यायचा, अशी ती पद्धत आहे. आदेशच नसेल तर खिडकीवरून पैसे परत येणार कुठून? दिले तर त्या मुलीच्या पगारातून जातील.

आता तिकीट हातात घ्या. तळाशी बारीक अक्षरांत मूळ दर, सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी), एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) असं छापलेलं असतं. 236 रुपयांच्या तिकिटात मूळ दर 200, केंद्राचे 18 आणि राज्याचे 18. राज्याने माफ करायचं म्हटलं तर हे दुसरे 18 तेवढे त्याच्या हातात आहेत. तिकीट 218 होईल. निम्मं नाही, सूट दहावा हिस्सासुद्धा नाही. ऑनलाइन काढलंत तर बुकिंगचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा, तो तसाच राहतो.

28 टक्के हा आकडाही शिळा आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 28 टक्के होते. 1 जानेवारी 2019 पासून ते 18 झाले. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा दर आधी 18, मग 12, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे.

‘तिकीट निम्मं’ ही समजूत जुन्या काळातून आली आहे आणि ती तेव्हा फार चुकीची नव्हती. 1923 च्या कायद्याने लागलेलं करमणूक शुल्क, म्हणजेच करमणूक कर, शहरांत हिंदी सिनेमाच्या तिकिटावर 45 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तेव्हा टॅक्स फ्रीची पाटी लागली की खिशाला खरंच फरक पडायचा. तो कर आता राहिलेला नाही. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची (राज्यांच्या अधिकारांच्या यादीची) नोंद 62 वाचावी. 101 व्या घटनादुरुस्तीने राज्याचा करमणूक कराचा अधिकार काढला आणि तो फक्त पंचायत, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांपुरता ठेवला. तमिळनाडूने तोच वापरून जीएसटीवर आणखी स्थानिक करमणूक कर लावला, म्हणून निषेधात जुलै 2017 मध्ये तिथली थिएटरं काही दिवस बंद होती. ही एक नोंद वाचली असती तरी मेसेजमधली निम्मी वाक्यं लिहिताच आली नसती.

मध्य प्रदेश आणि गोव्याचं मात्र मान्य करावं लागेल. फेब्रुवारी 2025 मध्ये दोघांनी ‘छावा’ करमुक्त केला. त्यावर मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले की महाराष्ट्राने करमणूक कर 2017 मध्येच कायमचा रद्द केला आहे. हे खरं आहे, पण पुरतं नाही. त्या राज्यांनी सोडला तो एसजीएसटी, आणि तो महाराष्ट्रही घेतो. शिवाय जानेवारी 2020 मध्ये ‘तान्हाजी’साठी आपल्याच मंत्रिमंडळाने हा परतावा दिला होता. तेव्हा राज्य काहीच करू शकत नाही असं नाही. पण मेसेजमध्ये ‘मराठी सिनेमा’ लिहिलंय आणि हे दोन्ही चित्रपट हिंदी आहेत, हे मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात येऊ नये?

बाकीचं थोडक्यात. परदेशी निर्मितीला भारतातल्या खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत परतावा, कमाल 30 कोटी, ही केंद्राची योजना आहे, 2023 मध्ये वाढवलेली. मराठी निर्मात्याला शून्य, हे धादांत खोटं. राज्याची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसहाय्याची योजना वर्षानुवर्षं चालू आहे, अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख अशी तिची रचना. सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन पैसे मिळतात. तोपर्यंत व्याज निर्माता भरतो, ही तक्रार रास्त आहे. मालिकांना तर तिकीटच नसतं. आम्ही वाहिनीला बिल लावतो त्यावर 18 टक्के जीएसटी असतो, कसलीही माफी नाही.

या मेसेजने एक खरी गोष्ट मात्र झाकून टाकली, त्याचा मला जास्त राग आहे. जीएसटीच्या आधी मराठी सिनेमाला करमणूक शुल्क माफ होतं. शेजारच्या पडद्यावरच्या हिंदी सिनेमाला कर, मराठीला नाही, हा आधार होता. 1 जुलै 2017 ला तो एका रात्रीत गेला. आज दोघांनाही तोच दर. मराठी सिनेमाचं करात नुकसान झालं असेल तर ते इथे. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

आणि सरसकट ‘करमुक्त करा’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. 100 रुपये मूळ दराच्या तिकिटात राज्याचा हिस्सा अडीच टक्के, म्हणजे अडीच रुपये. 500 रुपये मूळ दराच्या रिक्लायनरवर, म्हणजे मागे झुकणाऱ्या आरामखुर्चीवर, 45 रुपये. सिनेमा करमुक्त झाला तर सरकारी तिजोरीतून सगळ्यात मोठी सूट रिक्लायनरवाल्याला मिळणार आणि स्वस्तातल्या सकाळच्या शोला आलेल्या कुटुंबाला माणशी अडीच रुपये. मागायचंच असेल तर मराठी चित्रपटांवर गोळा झालेला एसजीएसटी त्याच निर्मात्याला पुढच्या मराठी चित्रपटासाठी परत द्या, असं मागा. सत्तरच्या दशकात मराठीसाठी करपरतावा योजना याच तत्त्वावर आली होती.