मेडे आणि मे डे

एका लेखात १ मेच्या मे डेवरूनच विमानातली ‘मेडे’ ही संकटात मदतीसाठी रेडिओवर देतात ती हाक आली असं म्हटलंय, ते काही बरोबर नाही हो. उच्चार सेम, बाकी काही संबंध नाही. हाकेचा मेडे फ्रेंच ‘मेदे’ म्हणजे ‘मला मदत करा’ यावरून घेतलाय. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ ऑफिसर फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२० च्या दशकात तो सुचवला, कारण तिथली बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाला जायची-यायची, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना चटकन कळेल असा शब्द पाहिजे होता आणि एसओएस ही संकटाची खूण मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतात ठीक, पण बोलताना रेडिओच्या खरखरीत ‘एस’ नीट ऐकूच यायचा नाही. मग १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तीनदा म्हणतात ते पण उगाच नाही, गोंगाटात दुसरं काही ऐकल्यासारखं वाटू नये म्हणून.

सणाचा मे डे मात्र सरळ महिन्याचं नाव, ते लॅटिन मायुसवरून, बहुतेक माइया देवीचं. युरोपात खांबाला रिबिनी बांधून नाचायचे, वसंताचा सण. कामगार दिन नंतरचा, १८८६ च्या शिकागोतल्या आंदोलनामुळे. आणि हो, जिवावरचं संकट नसेल तर ‘पॅन-पॅन’ म्हणतात, तेही फ्रेंचच, ‘पान’ म्हणजे बिघाड!