'अझ्यूम'मध्ये गाढव शोधू नका

चोपड्याच्या आमच्या वर्गात नववीतली एक मुलगी मोबाईलवर फिरणारा मेसेज वहीत उतरवून घेऊन आली. "सर, हाई खरं शे का?" मेसेज असा: 'अझ्यूम' या इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडा, 'अ‍ॅस', 'यू', 'मी'. गृहीत धरणारा तुम्हा-आम्हा दोघांना गाढव बनवतो, आणि शब्द त्यातूनच जन्मला. पुढे जोड दिलेली: 'प्रिझ्यूम'चा अर्थही तोच, शहाण्याने काहीच गृहीत धरू नये.

व्युत्पत्ती साफ खोटी आहे. लॅटिनमध्ये 'अस्सूमेरे' हे क्रियापद २००० वर्षांपूर्वी रुळलेलं होतं. तेव्हा इंग्रजी भाषाच नव्हती, तर तिचे 'यू' आणि 'मी' त्यात शिरतील कुठून? मूळ शब्द 'अ‍ॅड' म्हणजे 'कडे' आणि 'सूमेरे' म्हणजे 'घेणे'. पुढच्या 'स'मुळे 'ड'चाही 'स' झाला. सत् अधिक जन, सज्जन, तसंच हे. फळ्यावर दोन्ही संधी शेजारी शेजारी मांडल्या आणि मुलांना वेगळं समजवावं लागलं नाही. 'कन्झ्यूम', 'रिझ्यूम' ही याच 'सूमेरे'ची लेकरं.

'घेणे' हा अर्थ अजून जिवंत आहे. धुळ्याला नवा अधिकारी आला की इंग्रजी बातमीत 'अझ्यूम्ड चार्ज' येतं, आपण 'चार्ज घेतला' म्हणतो. आणि आपला 'गृहीत' तरी काय? संस्कृत 'ग्रह्', म्हणजे घेणे. मराठी 'घेणे'सुद्धा त्याच धातूचं. विचाराला बसण्याआधी एक गोष्ट हाती घ्यायची, हे चित्र दोन्ही भाषांना सुचलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. त्या मेसेजमुळे नेमकं हेच झाकलं जातं.

'प्रिझ्यूम'चा अर्थही अगदी तोच नाही. त्यातल्या गृहीत धरण्याला सहसा काही आधार असतो. आफ्रिकेत बेपत्ता मानलेल्या लिव्हिंगस्टन या संशोधक-प्रवाशाला शोधायला स्टॅन्ली हा पत्रकार गेला होता. १८७१ साली तिथल्या उजिजी गावात "डॉ. लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?" (आपण डॉ. लिव्हिंगस्टनच असाल ना?) असं विचारल्याचं त्याने लिहून ठेवलंय. लिव्हिंगस्टन त्या भागात असल्याची खबर स्टॅन्लीला होती, म्हणून 'प्रिझ्यूम'.

राहिला शहाणपणाचा मुद्दा. रावेरचा शेतकरी केळीची रोपं लावतो ती विहिरीचं पाणी वर्षभर पुरेल असं धरूनच. फेब्रुवारीत पाणी खाली गेलं की तो हिशेब पुन्हा मांडतो. त्याला कुणी गाढव म्हणेल का?

त्याच मुलीच्या वहीत, मेसेजच्या मागच्या पानावर, गणिताची सिद्धता होती. पहिली ओळ: 'समजा, √२ ही परिमेय संख्या आहे.' म्हणजे दोन पूर्णांकांचा अपूर्णांक करून लिहिता येणारी. हे गृहीत धरल्यावरच चार ओळींनी विसंगती हाती लागते आणि √२ अपरिमेय ठरते. मी तिला पान उलटून तीच ओळ वाचायला लावली.