न्यूट्रलचा वारसा

वडिलांकडून माझ्याकडे दोनच गोष्टी आल्या. एक म्हणजे अकाली पांढरे होणारे केस आणि दुसरी म्हणजे उतार दिसताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय. केसांना निदान कलप तरी लावता येतो; सवयीवरचा उपाय शोधण्यात मात्र माझे सहा महिने खर्ची पडले. त्या काळात मी गाडी चालवत होतो की टाकीतल्या पेट्रोलची शुश्रूषा करीत होतो, हे माझ्या शेजारी बसणाऱ्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

वडिलांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी गाडी शिकली ती कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राच्या जमान्यात. त्यांच्या गाडीचे इंजिन फिरत असेपर्यंत हवा ओढायचे आणि हवेबरोबर थोडेफार पेट्रोलही ओढायचे, मग तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो. उतारावर गिअरमध्ये इंजिन जितके जोरात फिरेल, तितके ते अधिक पिणार. म्हणून न्यूट्रल टाकून त्याला मंद आचेवर ठेवणे हे त्या काळी शहाणपणच होते. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक पेट्रोल मोजून सोडतो अशा गाडीत या शहाणपणाचे नेमके उलटे होते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला आणि इंजिनाचे फेरे एका मर्यादेच्या वर असले, की गाडीतला संगणक पेट्रोलचा पुरवठाच तोडतो आणि चाके इंजिनाला फुकटात फिरवत राहतात. न्यूट्रल टाकले की चाकांशी असलेला हा संबंध तुटतो आणि इंजिनाला केवळ जिवंत राहण्यासाठी पेट्रोल मागावे लागते. म्हणजे पंधरा वर्षे प्रत्येक उतारावर मी पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्रोल जाळत होतो आणि इंजिनाचा आयता अडसर गमावल्यामुळे ब्रेक तापवत होतो तो वेगळाच. (काही महाभाग उतारावर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. मग दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होते. त्यांच्या काटकसरीपुढे मी हात जोडतो, पण त्यांच्या गाडीपुढे उभा राहत नाही.)

हे ज्ञान झाल्यावर गप्प बसायला हवे होते. पण माझ्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचे मायलेज दाखवणारा एक आकडा आहे आणि तिथेच माझा घात झाला. सिग्नलवरून निघताना तो 4 दाखवतो, सपाट रस्त्यावर 18 ते 20 आणि गिअरमध्ये पाय उचलला की एकदम 99.9. या 99.9 साठी मी वाटेल ते करू लागलो. एकदा मी त्या आकड्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होतो, की पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, रस्ता काचेच्या पलीकडे आहे."

गिअर लवकर वर टाकावा, पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांच्या आसपास टाकावा, असे जाणकार सांगतात. ते योग्यच आहे, कारण तेवढाच वेग कमी फेऱ्यांत मिळाला तर इंजिनाचे अंतर्गत घर्षण कमी होते. मी मात्र 30 च्या वेगाला पाचवा गिअर टाकला. गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरू लागली, बोनेटखालून खडखड ऐकू आली आणि तिला पुढे ढकलण्यासाठी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा लागला. आकडा 6 वर आला. मागच्या चालकाने हॉर्नवर जो हात ठेवला, तो पुढच्या चौकापर्यंत उचलला नाही.

खरी परीक्षा सिग्नलची असते. माणसांसह 1200 किलो वजनाची गाडी 60 च्या वेगावरून ब्रेक दाबून थांबवली, की तो वेग पुन्हा मिळवायला साधारण 20 मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे पेट्रोल लागते, असा हिशेब मी एका रात्री मांडला. त्या रात्रीपासून मला प्रत्येक लाल दिव्याखाली चार चमचे सांडलेले दिसू लागले. मग दोनशे मीटरवर लाल दिवा दिसला, की मी पाय उचलू लागलो. मागच्याला वाटे, चालकाला भोवळ आली असावी. तो हॉर्न वाजवत, माझ्याकडे करुणेने आणि रागाने पाहत पुढे निघून जाई आणि त्याच दिव्याखाली करकचून ब्रेक मारी. मी गिअरमध्येच हळूहळू सरकत तिथे पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होई आणि मी न थांबता त्याच्या शेजारून पुढे जाई. त्या क्षणी मला होणारा आनंद सज्जन माणसाला शोभणारा नव्हता. पुढच्या सिग्नलपर्यंत तो मला पुन्हा गाठी आणि आमचा हा मूक संवाद नव्याने सुरू होई.

टायरमध्ये थंड असताना ठरलेली हवा भरणे आणि छतावरचा रिकामा कॅरिअर काढणे ही कामे तासाभरात झाली. डिकीतून रंगाचा अर्धा डबा, तीन छत्र्या आणि एक घडीची खुर्ची निघाली. खुर्ची दुसऱ्या दिवशी पुन्हा डिकीत दिसली. वाटेत गाडी बंद पडली तर बसायचे कशावर, असा वडिलांचा सवाल होता. मोकळ्या रस्त्यावर मी 100 ऐवजी 80 ने जाऊ लागलो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि 100 ला तो 80 च्या दीडपटीहून अधिक असतो. या एका गोष्टीने बाकी सगळ्या कसरतींपेक्षा जास्त पेट्रोल वाचवले, हे कबूल करताना मला थोडे वाईट वाटते, कारण तिच्यात कौशल्य काहीच नाही.

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशा पद्धतीने मोजले तेव्हा ॲव्हरेज 14.1 वरून 16.9 वर गेले होते. मी तो कागद वडिलांपुढे ठेवला. ते म्हणाले, "आण, आज मी चालवतो."

परतीच्या वेळी डॅशबोर्डवर त्या प्रवासाचे ॲव्हरेज 17.8 होते. वडील 60 च्या वर जात नाहीत आणि गुडघा दुखतो म्हणून क्लच आणि ब्रेक शक्य तितके टाळतात. त्यासाठी ते इतक्या लांबचे पाहतात, की पुढच्या गाडीने ब्रेक दाबण्यापूर्वीच त्यांचा पाय उचललेला असतो. माझ्या सहा महिन्यांच्या अभ्यासाइतके काम एका गुडघ्याने केले होते.

घराजवळच्या उतारावर मात्र त्यांचा हात सवयीने गिअरकडे गेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये आली. 99.9 चा आकडा घसरून 70 वर येताना मला झालेले समाधान मी लपवू शकलो नाही.

"बघा बाबा, गिअरमध्ये 99.9 होते, न्यूट्रल टाकताच 70 झाले."

वडिलांनी आकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मोकळ्या झालेल्या डाव्या पायाचा गुडघा चोळत म्हणाले, "अरे, मग 70 काय कमी आहेत?"