‘बाळंतपण अमेरिकेत, ग्रीन कार्ड आईबापांना’ : फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ग्रुपागणिक शब्द बदलतात, गाभा तोच: ‘सातव्या महिन्यात टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेला जा. तिथे बाळंत व्हा. बाळ जन्मतः अमेरिकन नागरिक. बाळ नागरिक झालं की आईवडिलांना ग्रीन कार्ड आपोआप. सगळं कायदेशीर. मुलाला भारताचे आणि अमेरिकेचे दोन्ही फायदे, शिक्षण फुकट. खर्च इथल्या मेडिकलच्या डोनेशनपेक्षा कमी. कॅनडा, युरोप, दुबईसाठीही संपर्क साधा.’ खाली एका ‘कन्सल्टंट’चा मोबाइल नंबर.

मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. सगळ्यात मोठी थाप मधल्या वाक्यात आहे, आणि लोक पैसे मोजतात ते त्याच वाक्यासाठी. सुरुवात तिथूनच करू.

‘आईवडिलांना ग्रीन कार्ड आपोआप.’

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. तो आपोआप मिळत नाही. अमेरिकन नागरिक आपल्या आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो हे खरं, पण त्यासाठी तो २१ वर्षांचा पूर्ण व्हावा लागतो. २०२६ साली जन्मलेलं बाळ हा अर्ज २०४७ साली भरेल. आज तिशीत असलेली आई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल. बरं, अर्ज नाशिकला बसून भरला आणि झालं, असंही नाही. अर्ज करणाऱ्याला आईवडिलांच्या पोटापाण्याची लेखी हमी द्यावी लागते. त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं आणि त्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो, वास्तव्याची अट मात्र सुटत नाही. म्हणजे भारतात वाढलेल्या त्या मुलाने विशीत अमेरिकेला जायचं, नोकरी धरायची, बस्तान बसवायचं आणि मग आईबापांना बोलवायचं. त्याला जायचंच नसलं तर? त्याला कुणी विचारलेलं नाही. मेसेजमध्ये तो माणूस नाहीच, तिकीट आहे.

मधल्या २१ वर्षांत आईवडिलांना तिथे राहण्याचा कुठलाही हक्क मिळत नाही. मुदत संपूनही राहिले, तर मूल अमेरिकन आहे म्हणून हद्दपारी टळत नाही. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडला की तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं की दहा वर्षं.

कायद्याची कलमं वाचायचा कंटाळा असेल तर अमेरिकेत एडिसन, जर्सी सिटी किंवा फ्रीमाँटमधल्या आपल्या माणसांना विचारा. तिथे एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, काम करणारी असंख्य मराठी जोडपी आहेत. रीतसर नोकरी, रीतसर कर, घराचे हप्ते, आणि घरात एकदोन अमेरिकन नागरिक पोरं. त्या पोरांमुळे आईबापांचं ग्रीन कार्ड एक दिवसही अलीकडे येत नाही. रोजगाराच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, असा नियम आहे. त्यामुळे उच्चशिक्षितांसाठीच्या ईबी-२ या वर्गातली भारतीयांची रांग २०२५ मध्येही २०१३ सालच्या सुरुवातीच्या अर्जांपाशीच घुटमळत होती. मेसेजमधला मार्ग खरा असता तर आधी या जोडप्यांनी वापरला असता. त्यांच्याकडे पोरं आहेत, वकील आहेत, आणि वाट पाहून विटलेला जीवही आहे.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘मोठ्या भावंडाचंही काम होतं’ असं जोडलेलं असतं. नागरिक २१ वर्षांचा झाला की भावंडांसाठी अर्ज करू शकतो, हे बरोबर. पण त्या वर्गात भारतीयांसाठी २०२५ मध्ये २००६च्या आसपासचे अर्ज निकाली निघत होते. २१ मध्ये हे १९ मिळवा. धाकट्याच्या पुण्याईने थोरला अमेरिकेत पोहोचेल तेव्हा तो निवृत्तीचं बघत असेल.

‘सगळं कायदेशीर आहे.’

हे वाक्य जपून वाचायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य मिसळलेलं आहे. गरोदर बाईने अमेरिकेला जाणं हा गुन्हा नाही. बहिणीकडे जाणाऱ्या गरोदर बायकांना व्हिसा मिळतोही. पण २४ जानेवारी २०२० पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याचा नियम स्पष्ट आहे: बाळाला नागरिकत्व मिळावं हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल तर पर्यटक व्हिसा द्यायचा नाही. अर्जदार तिथल्या मुक्कामात बाळंत होईल असं अधिकाऱ्याला सकारण वाटलं, तर हेतू तोच आहे असं धरून चालायचं. तसं नाही हे पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर. दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासानेही २०२५ मध्ये हे समाजमाध्यमांवर जाहीर सांगितलं.

म्हणून मग सल्ला येतो: ‘मुलाखतीत बोलू नका. फिरायला चाललोय म्हणा. विमानतळावर सैल कपडे घाला.’ हा सल्ला कन्सल्टंटच्या डोक्यातून निघालेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात अशा ‘प्रसूती पर्यटना’च्या धंद्यांवर कारवाई होऊन १९ जणांवर आरोप ठेवले गेले. ते गिऱ्हाइकांना, म्हणजे प्रामुख्याने चीनमधून येणाऱ्या बायकांना, हेच शिकवत असत: पोट झाका, खरं कारण सांगू नका, तपासणी सोपी जाईल तिथून आत शिरा. एकेका कुटुंबाकडून ते हजारो डॉलर घेत. पुढे त्यातल्या काहींना शिक्षाही झाल्या.

गिऱ्हाइकाचं काय होतं, हे मेसेज सांगत नाही. व्हिसासाठी महत्त्वाची बाब खोटी सांगितली असं ठरलं, तर प्रवेशबंदी कायमची. स्थलांतरितांना त्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. या यादीत अपत्य नाही. ज्या बाळासाठी खोटं बोललात, ते २१ वर्षांनी अर्ज घेऊन उभं राहिलं तरी तुम्हाला सूट देताना त्याचे हाल धरले जाणार नाहीत. इमिग्रेशनचा कायदा बनवणाऱ्यांना विनोदबुद्धी असते की नाही माहीत नाही, पण हे कलम वाचताना शंका येते.

आणि लपून राहील म्हणाल, तर बाळाच्या पासपोर्टावरच जन्मस्थळ छापलेलं असतं. आईवडील पुढच्या वेळी व्हिसा मागायला गेले की प्रश्न ठरलेला: बाळंतपण कुठे झालं आणि बिल कुणी भरलं?

‘बाळ जन्मतः नागरिक.’

मेसेजमधलं सगळ्यात खरं वाक्य हे. अमेरिकेच्या राज्यघटनेची १४वी दुरुस्ती १८६८ची. यादवी युद्धानंतर, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांचं नागरिकत्व कुणी नाकारू नये म्हणून केलेली. चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती परदेशी पालकांच्या मुलांनाही लागू केली. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिकत्व मानायचं नाही. यात पर्यटक आले तसे एच-१बीवालेही आले. त्या जानेवारीत, आदेश लागू होण्याआधी बाळ जन्मावं म्हणून काही भारतीय जोडपी मुदतीपूर्वी सिझेरियन करून मागत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. वेळेआधी पोट फाडून मिळवायचं ते काय, असं तेव्हाही वाटलं होतं. कनिष्ठ न्यायालयांनी आदेश रोखला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं. जिथे घटनेच्या अर्थावरच कोर्टात भांडण गेलं आहे, तिथे ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा कन्सल्टंट कोण?

‘भारताचे आणि अमेरिकेचे दोन्ही फायदे.’

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिक म्हणून नोंदवायचं तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी लागते, आणि त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. अमेरिकन पासपोर्ट काढला की हा दरवाजा बंद. मग तुमचं बाळ स्वतःच्या आजोळी परदेशी म्हणून उतरतं आणि त्याच्यासाठी ओसीआय कार्ड काढावं लागतं.

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते, पण वडिलांच्या शेजारचा एकर विकायला निघाला तर हा पोरगा घेऊ शकणार नाही. आणि आता ते ‘मेडिकलचं डोनेशन’, ज्याच्याशी मेसेज खर्चाची तुलना करतो. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलांना नीट, जेईई देता येते, पण प्रवेश मिळतो तो एनआरआय किंवा वाढीव जागांवर. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला तो या तारखेच्या आधी ओसीआय झालेल्यांना. आज जन्मणारं बाळ त्यात बसत नाही. म्हणजे पुण्यात वाढलेलं, महाराष्ट्र बोर्डातून पहिलं आलेलं मूल सरकारी बी. जे. मेडिकलच्या जागेसाठी रांगेतच उभं राहू शकणार नाही, आणि बाप खासगी कॉलेजची एनआरआय फी भरेल. डोनेशन वाचवायला निघाला होता ना?

पलीकडची बाजूही ऐका. अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही असला तरी करकक्षेत धरते. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त रक्कम झाली की दरवर्षी कळवावं लागतं, आणि आजोबांनी हौसेने नातवाच्या नावावर केलेली एफडीसुद्धा त्यात मोजली जाते. मुलगा असेल तर १८ ते २५ वयात सक्तीच्या सैन्यभरतीच्या यादीत नाव असावं लागतं, राहायला साताऱ्यात असला तरी. आणि भारतातच वाढलेला हा अमेरिकन भारतीय जोडीदाराशी लग्न करून इथेच संसार थाटेल, तर त्याच्या मुलांना अमेरिकन नागरिकत्व मिळणार नाही. त्यासाठी आधी त्याने स्वतः अमेरिकेत एकूण पाच वर्षं काढलेली असावी लागतात, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. एवढा खटाटोप आणि माल एका पिढीत संपला.

‘शिक्षण फुकट.’ सरकारी शाळा तिथे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला फुकट असते, नागरिक असो वा नसो; १९८२ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलेलं आहे. त्यासाठी तिथे राहावं लागतं, जन्मावं लागत नाही. विद्यापीठांची सवलतीची फी त्या राज्यातल्या रहिवाशांना असते. भारतातून थेट गेलेल्या अमेरिकन नागरिकाला सरकारी विद्यापीठ साधारणतः बाहेरच्या राज्याची चढी फी लावतं. नागरिक म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज आणि गरजूंसाठीची मदत मात्र मिळू शकते. हा खरा फायदा आहे, तो नाकारत नाही.

‘खर्च कमी.’ केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२२ मध्ये मांडलेला हिशेब आहे: मोठ्या कंपन्यांच्या विमा योजनांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा, बाळंतपणाचा आणि नंतरच्या देखभालीचा खर्च सरासरी १९ हजार डॉलरच्या आसपास. तो विमा कंपन्यांनी घासाघीस करून ठरवलेल्या दरांचा. विम्याविना आलेल्या पाहुणीला वेगळा दर लागू शकतो, आणि नेहमीचा प्रवास विमा बाळंतपण भरून देत नाही. बाळ वेळेआधी आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर दिवसागणिक वाढणाऱ्या त्या बिलाला मेसेजमध्ये जागाच नाही. ‘बिल बुडवा, कोण विचारतं’ असंही काहीजण सांगतात. व्हिसा अधिकारी विचारतो.

राहिलं ‘कॅनडा, युरोप, दुबई’. दुबईत जन्माने नागरिकत्व मिळत नाही, हे तिथे बाळंत झालेली कुठलीही मालवणची किंवा म्हापशाची बाई सांगेल. ब्रिटनने नुसत्या जन्माने नागरिकत्व देणं १९८३ च्या पहिल्या तारखेपासून बंद केलं. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन २००५ पासून. आपण स्वतः १९८७ पर्यंत भारतात जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानत होतो. मग आपणही नियम आवळले, आणि २००४ मध्ये आणखी आवळले. कॅनडात जन्माचं नागरिकत्व आहे, पण पालकांना बोलवायला मूल १८ वर्षांचं, तिथे राहणारं आणि उत्पन्नाची अट पुरी करणारं लागतं. वर पालकांचे अर्जही २०२५ मध्ये मर्यादित संख्येतच घेतले गेले.

गोव्याच्या पोर्तुगीज पासपोर्टाचा दाखला काहीजण इथे देतात, तो गैरलागू आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा तो हक्क वंशाचा आहे. त्यासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंद लागते, बाळंतपण नव्हे.

आणि मेसेजचं वर्णन ज्याला खरोखर बऱ्यापैकी लागू पडतं असा एक देश आहे: ब्राझील. तिथे जन्मलेलं बाळ नागरिक होतं, त्याच्या आधारावर आईवडिलांना राहण्याचा परवाना मिळतो, आणि एरवी चार वर्षांची नागरिकत्वाची अट एका वर्षावर येते. पोर्तुगीज मात्र शिकावी लागते, आणि खरोखर तिथे राहावं लागतं. मेसेजमध्ये ब्राझीलचं नाव नाही. साओ पावलोला जायला कोकणातलं कुणी पैसे भरणार नाही, हे त्या नंबरवाल्याला पक्कं ठाऊक आहे.